आगीची पुडी

जाऊबाई गेल्यापासून लोक त्यांच्याबद्दल एकच वाक्य बोलतात: त्यांच्या हाताला गुण होता. भेटायला आलेल्या प्रत्येकानं ते म्हटलं, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं सणकलं. मी मुळातच तोंडाळ. पण घरात माणूस गेलेलं, म्हणून गप्प बसले. आता सांगते. आगीच्या पुडीपुरता तरी त्यांच्या हाताला गुण नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. साठ वर्षं चालत आलेल्या घरच्या औषधाबद्दल असं काही शोधून काढायला काय लागतं, ते मी जवळून पाहिलंय. मदत करायचं सोडून मी तेव्हा खोटं बोलत होते, हेही सांगायचं आहे.

आधी आग म्हणजे काय ते सांगते, कारण पुरुषांना सांगायला गेलं की ते उठून खिडकी उघडतात. पाळी जायच्या वयात बाईच्या छातीतून एकदम गरम लाट उठते, मानेवरून डोक्यात जाते, चेहरा लालभडक होतो, घामानं कपडे अंगाला चिकटतात, आणि पाच मिनिटांनी तीच बाई थंडीनं काकडायला लागते. दिवसातून पाच वेळा, दहा वेळा. कुणाला वर्षभर, कुणाला दहा वर्षं. त्यानं मरत कुणी नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

जाऊबाई विचारायच्या. झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं त्यांचं, सासूबाईंकडून आलेलं. एका दाराची खोली, तीन भिंतींना पत्र्याचे डबे, आणि एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. कुठल्या डब्यात काय ते त्यांना वासानं कळायचं. मध्ये दगडी खल, खलाजवळ दोन खुर्च्या. एक त्यांची, एक येणाऱ्या बाईची. पुरुष आला तर त्यानं उभं राहायचं, कारण पुरुषाचं दुखणं दोन मिनिटांत सांगून होतं, असं त्यांचं म्हणणं.

आगीच्या पुडीत तीनच गोष्टी. ज्येष्ठमध, बडीशेप, आणि एक काळसर मूळ, ज्याला सासूबाई नुसतं थंड मूळ म्हणायच्या. कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, कागदाच्या सात पुड्या बांधायच्या. सातच. आठवी हवी असेल तर बाईनं येऊन खुर्चीत बसून सांगायचं, फरक पडला की नाही. हा नेम सासूबाईंनी घातलेला, आणि जाऊबाईंनी तो कधी मोडला नाही. ज्या परत येत नसत त्यांच्याबद्दल सासूबाई म्हणायच्या, "नाही आली म्हणजे बरी झाली." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की त्यात काही तपासण्यासारखं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझं आणि जाऊबाईंचं सुरुवातीला फारसं सूत नव्हतं. त्या माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. मी दवाखान्याच्या धुलाईघरात इस्त्रीच्या रोलरवर. दिवसाला चारशे चादरी, वाफ, आणि वाफेवर आवाज चढवून बोलायची सवय. घरी आले तरी तो आवाज उतरायचा नाही. त्या नुसत्या कपाळाला आठी घालायच्या. सहा महिने आमचं बोलणं बंद होतं, तेही एका मांडणीवरून, आणि कुठली मांडणी ते आता आठवतही नाही.

मग माझ्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशननंतर काखेतून एक नळी बाहेर येते, तिला बाटली लावलेली असते, आणि त्या बाटलीत जे साठतं ते दिवसातून दोनदा ओतून मोजावं लागतं. आमचे हे बाटली पाहून भोवळ येऊन खाली बसले. माझ्या सख्ख्या बहिणीनं दोनदा फोन केला. जाऊबाईंनी दुकान रोज अर्धा दिवस बंद ठेवलं, नळी निघेपर्यंत ती बाटली ओतली, चार महिने मला न्हाऊ घातलं, केस विंचरले, कारण माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता. विंचरताना त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. मला तेव्हा रडू यायचं आणि त्या ते पाहून न पाहिल्यासारखं करायच्या. मला माझ्या आईनंही इतकं जपलं नव्हतं.

ऑपरेशननंतर रोज घ्यायची एक गोळी असते, पाच वर्षं. गाठ परत येऊ नये म्हणून ती हार्मोनला अडवते, आणि हार्मोन अडला की आग सुरू. माझी सुरू झाली ती चौदा-चौदा वेळा. रोलरसमोर उभी राहिले की बाहेरची वाफ कुठली आणि आतली कुठली ते कळायचं नाही. दोनदा चादर भाजली, एकदा मनगट. इतर बायकांना आग फार झाली तर हार्मोनच्या गोळ्या देतात. मला त्या चालणार नव्हत्या, कारण माझी गाठच हार्मोनवर पोसलेली.

जाऊबाईंनी मला न विचारता सात पुड्या आणून उशाशी ठेवल्या.

आठवडा संपला आणि त्यांनी मला दुकानात बोलावलं. घरी विचारता आलं असतं, पण नाही, नेम म्हणजे नेम. त्या त्यांच्या खुर्चीत, मी गिऱ्हाइकाच्या. "खरं सांग. फरक पडला?"

आदल्या दिवशी मला पंधरा वेळा आग झाली होती. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. माझ्यासाठी म्हणून त्यांनी ते चूर्ण तीन-तीनदा कुटून चाळलं होतं आणि अंगठ्याजवळ फोड आला होता. मी म्हटलं, "पडला की. निम्म्यावर आली."

त्या हसल्या. जाऊबाई वर्षातून दोन-तीनदाच हसायच्या, त्यातलं एक हसू मी असं मिळवलं. मग पुढच्या आठवड्यात तेच विचारणं आणि तेच सांगणं, आणि असं करता करता दीड वर्ष गेलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायला लागल्या, "माझ्या घरातच बघा, धाकट्या जाऊची निम्म्यावर आली." निम्म्यावर हा शब्द मी तोंडाला आला म्हणून बोलले होते.

दर सहा महिन्यांनी तपासणी असायची. जाऊबाई सोबत यायच्या. त्या वेळी नवीन डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी विचारलं, "गोळीशिवाय आणखी काही घेता?" मी नाही म्हणणार तेवढ्यात जाऊबाईंनी पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. लपवाछपवी त्यांना जमायचीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली, हुंगली, काय काय आहे ते विचारून लिहून घेतलं. "ज्येष्ठमध जास्त झालं तर रक्तदाब वाढतो."

"माहीत आहे. म्हणून चिमूटभरच असतं."

"बरं. पण त्यात, आणि अशा काही मुळांत, शरीरात जाऊन थोडेफार हार्मोनसारखे वागणारे अंश असू शकतात. यांची गाठ हार्मोनवर वाढणारी होती. यानं यांना अपाय होईल असं मी म्हणत नाही. होणार नाही असंही म्हणता येत नाही. यांच्यासारख्या बायकांवर पुरेसं तपासलेलं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही माहीत."

असं तोंडावर कबूल करणारी डॉक्टर जाऊबाईंना बहुधा पहिल्यांदाच भेटली. त्या खुर्चीत जरा पुढे सरकल्या.

"फायदा मोठा असेल तर धोक्याचा विचार तरी करता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फायदाच नसेल तर कशाला घ्यायचं? फरक पडतो का?"

विचारलं मला. उत्तर जाऊबाईंनी दिलं. "पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आली."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत मान हलवली. दुसरं खोटं मी असं बोलले, तेही न बोलता.

त्या जाऊबाईंकडे वळल्या. "तुमच्या पुडीनं आग कमी होते हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"साठ वर्षांत शेकडो बायकांनी आमच्या खुर्चीत बसून सांगितलंय."

"आणि ज्या परत आल्या नाहीत त्या?"

"त्या बऱ्या झाल्या."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

जाऊबाईंनी टेबलावरची उघडी पुडी पुन्हा घडी घालून बंद केली.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, आणि मला ते शब्दन् शब्द आठवतं. या आगीचं एक विचित्र आहे, त्या म्हणाल्या. बाईला नुसती रिकामी पुडी दिली, आणि ती रिकामी आहे हे तिला माहीत नसलं, तरी आग तिसऱ्या हिश्श्यानं कमी होते, कधी त्याहून जास्त. जाऊबाई ताडकन म्हणाल्या, "म्हणजे बायका खोटं बोलतात?" "नाही हो. खरंच कमी होते. थोडी दिवस गेले म्हणून, थोडी कुणीतरी विचारपूस करतंय म्हणून, थोडी आशेनं. म्हणूनच औषधाचं काम कुठलं आणि बाकीचं कुठलं ते नुसतं विचारून कळत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन पुड्या लागतात, एक औषधाची, एक रिकामी. आणि कुणाला कुठली मिळाली ते देणारीलाही माहीत नको आणि घेणारीलाही."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. जाऊबाई बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. मग उठल्या, परत आत गेल्या, आणि पुढच्या बाईची तपासणी चालू असताना दारातूनच म्हणाल्या, "मग करू या तसं."

दवाखान्याच्या समितीची परवानगी यायला चार महिने लागले. तोवर माझी पुडी बंद. जाऊबाईंनी माझ्या वाटच्या पुड्या वेगळ्या डबीत घालून ठेवल्या. निकाल चांगला लागला की डॉक्टरीणबाई विचार करतील आणि हिची आग परत निम्म्यावर येईल, असं त्यांना वाटत होतं. सगळा खटाटोप माझ्यासाठी होता, आणि तो एका शब्दावर उभा होता जो खोटा होता. मी रोज ठरवायची की आज सांगायचं. रोज काहीतरी निघायचं, किंवा मी काढायची.

धुलाईघरातल्या आणि त्यांच्या ओळखीच्या मिळून चोवीस बायका तयार झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की निम्म्या पुड्या रिकाम्या असणार, आणि कबूल असेल तिनंच सही करायची. फाटक्या चादरी शिवणारी एक होती, तिला आम्ही टाकेवाली म्हणायचो. ती म्हणाली, "माझ्या नशिबात रिकामीच आहे, आत्ताच सांगून ठेवते." सगळ्या हसल्या आणि सह्या केल्या.

रिकामी पुडी म्हणजे अगदी रिकामी नव्हे. रंग तोच हवा, चव तीच हवी. जाऊबाईंनी गव्हाचा कोंडा काळपट भाजला, दळला, कडवट सालीची पूड घातली, आठ दिवस खटपट करून असा जमवला की मलाही ओळखू येईना. मग दोन डबे भरून दवाखान्याच्या औषधखिडकीवरच्या बाईंकडे दिले. त्या बाईंनी पुड्यांना नंबर घातले आणि कुठला नंबर कुठल्या डब्यातला ते पाकिटात बंद केलं. प्रत्येक बाईला एक कार्ड. आग झाली की कपड्यांवर खुणा करायच्या पेन्सिलीनं एक रेघ. कार्डं गोळा करायचं काम माझं. आठ आठवडे मी लोकांच्या आगीच्या रेघा मोजल्या, घामानं निथळत.

निकाल लागला. दोन्ही गटांत आग दिवसाला दहावरून साडेसहाच्या आसपास आली होती. दोन्ही गटांत. दोघांत काडीचा फरक नाही. डॉक्टरीणबाईंनी हळुवारपणे सांगितलं की यात पुडीचं काम काही दिसत नाही. जाऊबाई कागदाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. आता मला काही सांगायची गरज नाही. सुटले, असं वाटलं मला, हे कबूल करते.

घरी न जाता त्या सरळ दुकानात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं.

"दोन्ही डब्यांत औषधच होतं," त्या म्हणाल्या.

मला कळेचना.

"कोंडा केला. चांगला केला. डब्यात भरायला घेतला आणि ती टाकेवाली डोळ्यांसमोर आली. मान घामानं ओली, हात पुढे केलेला. तिला मी भाजलेला कोंडा देऊ? या दुकानातून कुणाच्या हातावर आजवर खोटी पुडी गेलेली नाही. माझ्यानं नाही झालं. कोंडा फेकून दिला आणि दोन्हीकडे औषध भरलं." त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे बघ, दोन्हीकडची आग उतरली, कारण दोन्हीकडे औषध होतं. पुडीनंच काम केलंय. उद्या जाऊन सांगते त्यांना. रागावल्या तर रागावू देत. माझं चुकलंच. पण पुडी खरी आहे." असं म्हणून त्यांनी ती डबी काढली, माझ्या वाटच्या पुड्यांची, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आणि तू घ्यायला लाग. दुसऱ्या कुणाचं सोड, तुझं तर माझ्या डोळ्यांसमोर आहे. निम्म्यावर आली होती."

डबी हातात घेऊन घरी जाणं सोपं होतं. पुड्या घेतल्या असत्या किंवा टाकल्या असत्या, त्यांना कळलंही नसतं. पण उद्या त्या डॉक्टरीणबाईंसमोर माझं नाव घेऊन शपथेवर बोलणार होत्या. आणि त्यानंतर त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक बाईसमोर.

"जाऊबाई," मी म्हटलं, "मला कधीच फरक पडला नव्हता."

"कधीच म्हणजे?"

"एक दिवसही नाही."

त्या खलाच्या काठाला धरून खाली बसल्या, खुर्चीत नाही, जमिनीवर. खालून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मग का सांगितलंस?"

"तुमच्या हाताला फोड आला होता."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, ओरडण्याला मी उत्तर देऊ शकते.

"तुझे केस विंचरले ते पुडीच्या बदल्यात नव्हे," त्या म्हणाल्या. "माझं काम विचारायचं. तुझं काम सांगायचं. तू मला दीड वर्ष फसवलंस आणि मी ते गावभर सांगत फिरले." मग त्या थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भीती होती ती. "आणखी किती असतील तुझ्यासारख्या?"

मी रडले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या मांडीवरची डबी उचलली आणि परत फळीवर ठेवली.

चार दिवस दुकान बंद होतं. त्या चार दिवसांत त्या पायी फिरून, ज्या पुन्हा आल्या नव्हत्या त्या बायकांच्या घरी गेल्या, जेवढ्या आठवल्या तेवढ्या. मला सोबत नेलं नाही. परत आल्यावर एवढंच सांगितलं की अकरा जणी भेटल्या, त्यातल्या दोघी खरंच बऱ्या होत्या. बाकीच्या म्हणाल्या, उपयोग झाला नाही, पण तुमच्या तोंडावर कसं सांगायचं. एकीनं तर पाणी पुढे करताना माफी मागितली. "ती माझी माफी मागत होती," जाऊबाई म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो आणि दोघींनी सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. चोवीस बायकांचे आठ आठवडे वाया घालवलेत, म्हणाल्या. माझ्याकडे बघून तर जास्तच चिडल्या, कारण माझ्या जिवाचा प्रश्न होता आणि मीच खोटी मान हलवली होती. जाऊबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "परत करू. या वेळी मी डब्यांना हात लावणार नाही."

परवानगीचे कागद पुन्हा होईपर्यंत बायकांची आग परत दहावर गेली होती, आणि त्यांची समजूत परत काढावी लागली. टाकेवाली म्हणाली, "म्हणजे माझ्या नशिबात भरलेली होती आणि मला कळलंसुद्धा नाही." दोघीतिघी फणफणत निघून गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. कोंडा मी भाजला, जाऊबाईंच्या हाताखाली शिकून. पण डबे भरताना त्या दुकानाबाहेर पायरीवर जाऊन बसल्या आणि मला आतून कडी लावायला सांगितली. मी औषधाचा डबा भरला. मग कोंड्याचा. मला टाकेवालीची मान आठवली. तेव्हा मला कळलं की जाऊबाईंनी तसं का केलं असेल. कोंडाच भरला मी.

दुसऱ्यांदा पाकीट फोडलं ते धुलाईघरातच, रोलर बंद करून. औषधाच्या पुडीवाल्यांची आग दहावरून सात. कोंड्याच्या पुडीवाल्यांची दहावरून साडेसहा. टाकेवालीला कोंडा मिळाला होता आणि तिची अकरावरून चारवर आली होती. तिचा विश्वासच बसेना. मग म्हणाली, "मला काय करायचंय? मला तो कोंडाच द्या." सगळ्या हसल्या. जाऊबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोंडा आहे हे तुलाही माहीत, मलाही माहीत. पुडी नाही देणार. पण ये, बस माझ्याजवळ. तेवढं देते."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं की चोवीस बायकांवरून जगाला काही सांगता येत नाही. मोठमोठ्या चाचण्या झाल्यात वेगवेगळ्या मुळांवर, पानांवर. काहींत थोडा फरक दिसतो, काहींत अजिबात नाही, आणि बऱ्याच चाचण्या नीट केलेल्याच नाहीत. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. "जगाचं मला ठाऊक नाही," म्हणाल्या. "माझ्या पुडीचं कळलं." त्या दिवशी त्यांनी थंड मुळाचा डबा रिकामा करून, घासून, उन्हात पालथा ठेवला. सासूबाईंच्या हातचा डबा होता तो. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता आणि त्या त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या.

पुढे दुकान चाललं, पण पूर्वीसारखं नाही. बाकीच्या डब्यांवरचाही त्यांचा विश्वास उडाला होता. खोकल्याचं औषध देताना म्हणायच्या, "घसा जरा मऊ पडेल, याहून जास्त मला माहीत नाही." असं म्हणणाऱ्या दुकानात कोण येणार? पलीकडच्या रस्त्यावर एकानं बाटल्यांचं दुकान थाटलं, प्रत्येक बाटलीवर खात्रीशीर लिहिलेलं, तिकडे रांग. मी चिडायची. त्या म्हणायच्या, "मीही साठ वर्षांचं खात्रीशीरच विकत होते." आगीवाल्या बायका मात्र येत राहिल्या. त्यांना त्या खुर्चीत बसवायच्या, कार्ड द्यायच्या, रेघा मोजायच्या, पातळ कपडे घाल, खिडकीजवळ झोप असं सांगायच्या, आणि मग डॉक्टरीणबाईंकडे पाठवायच्या. मलाही तिथूनच एक वेगळी गोळी मिळाली, हार्मोनची नसलेली. तिनं थोडी कमी झाली. थोडी म्हणजे थोडीच. रोलर सोडून मी घड्या घालायच्या टेबलावर गेले.

आणि आमच्या घरात एक नवा नेम झाला, कुणी न ठरवता. काही विचारलं की खरं उत्तर. भाजी खारट झाली तर खारट झाली. मी आवाज चढवला की त्या म्हणायच्या, "त्रास होतो मला." मी उतरवायची.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पायांवर सूज यायला लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. मी कामावर अर्धी रजा टाकली. दुपारी त्या कॉटवर टेकून बसायच्या आणि मी पायथ्याशी बसून त्यांचे पाय हलके चेपायची. केस मीच विंचरायची. शेवटी शेवटी बोलणंही थोडंच राहिलं होतं.

एका दुपारी अशीच पाय चेपत होते. सूज गुडघ्यापर्यंत आली होती. बोट दाबलं की खड्डा राहायचा. मी म्हटलं, "खरं सांगा जाऊबाई, फरक पडतो का यानं?"

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही," म्हणाल्या. "पण चेपत राहा."

मी चेपत राहिले.